खडपं ४२ किलोमीटर बाहेर: श्रीवर्धनच्या एका केएमएल फाईलचं प्रकरण

रायगड जिल्ह्यातल्या श्रीवर्धन तालुक्यातल्या एका मच्छीमार सोसायटीला पाण्याखालच्या खडपांची, म्हणजे खडकांची, यादी नकाशावर हवी होती. जाळं खडपात अडकलं की फाटतं, आणि नव्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, ही खडपं ठाऊक नसतात. जुन्यांच्या डोक्यात आणि यंत्रांत ती साठलेली असतात. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या बंदीत होड्या वर ओढलेल्या असतात आणि माणसं घरी सापडतात, म्हणून यादी तेव्हाच गोळा झाली. नारळी पौर्णिमेच्या आत ती सगळ्या होड्यांवर पोचवायची, असं ठरलं होतं.

एकाच यादीतून तीन फाईली करायच्या होत्या. फोनवर बघायला केएमएल, होड्यांवरच्या जीपीएस यंत्रांत भरायला जीपीएक्स, आणि किनाऱ्याचा अभ्यास करणाऱ्या एका प्रकल्पाच्या सर्व्हरसाठी जीएमएल. तिन्ही एक्सएमएलच, म्हणजे खुणांमध्ये माहिती बसवून लिहिलेला साधा मजकूर. सोसायटीत बसणाऱ्या मुलाने यादी एक्सेलमध्ये टाईप केली, त्याच्या ओळखीतल्या एकाने पायथॉनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहिली आणि फाईली तयार झाल्या. त्यातली एक उघडेना, दुसरी भलतीकडे उघडली, तिसरी उघडली पण तिच्यावर कुणाचा विश्वास बसेना. मग ते सगळं बाड माझ्याकडे आलं.

खाली खडपांची नावं बदलली आहेत आणि आकडे नमुन्यादाखल घेतले आहेत. कुठलाही तांडेल आपल्या जागा इंटरनेटवर टाकायला देणार नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. हिशेब मात्र जसाच्या तसा आहे.

फाईल उघडेचना

केएमएल फाईल गूगल अर्थमध्ये टाकली की एरर येई. एक्सएमएलची फाईल उघडत नसेल तर ती आधी साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये बघावी. एरर ज्या ओळीचा क्रमांक देते त्या ओळीत किंवा तिच्या जरा आधी बहुतेक वेळा कारण सापडतं. इथे ते शेऱ्यात होतं: ‘खडक & वाळू’. एक्सएमएलमध्ये & हे चिन्ह आणि ‘पेक्षा लहान’चं < हे चिन्ह मजकुरात उघडं ठेवता येत नाही; त्यांची ठरलेली सांकेतिक रूपं लिहावी लागतात. स्क्रिप्टमध्ये एक्सएमएल हाताने जोडलं होतं, म्हणजे टॅग (माहितीचं नाव सांगणारी, कोनी कंसातली खूण), मजकूर, टॅग असं नुसतं चिकटवत नेलं होतं. एक्सएमएल लिहिणारी तयार लायब्ररी वापरली की हे रूपांतर आपोआप होतं. तेवढा बदल केला आणि & चा प्रश्न मिटला.

नंतर एक मजेशीर गोष्ट निघाली. यादीचा एक भाग सोसायटीच्या जुन्या कागदांतून आला होता आणि ते कागद कधीकाळी डीटीपीवाल्याकडे जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाईप झाले होते. अशा फॉन्टांत देवनागरीचा फक्त चेहरा असतो. आत इंग्रजी कळफलकाचीच अक्षरं आणि चिन्हं असतात. कृतिदेव या अशाच एका फॉन्टमध्ये तर ‘ढ’ हा < च्या जागी बसवलेला आहे. म्हणजे नावात ‘मेंढ्याचं खडप’ असलं की फाईल वाचणाऱ्या पार्सरला वाटतं, नवा टॅग सुरू झाला! चिन्हाचं रूपांतर केल्यावर फाईल उघडली, पण नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसू लागला, कारण एक्सएमएलबरोबर फॉन्ट जात नाही. ही नावं आधी युनिकोडमध्ये बदलून घेतली. कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांनी बदललेलं एकदा डोळ्याखालून घालावंच लागतं. रफार आणि पहिली वेलांटी हटकून इकडची तिकडे होते.

बाकीच्या नावांत दोन वेगवेगळे बिघाड होते आणि ते दिसायलाही वेगळे होते. काही नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं होती. एक्सेलमधून साध्या सीएसव्ही प्रकारात सेव्ह केलं की असं होतं. तो प्रकार विंडोजच्या जुन्या कोडपेजमध्ये, म्हणजे मोजक्या अक्षरांच्या तक्त्यात, लिहिला जातो, आणि त्या कोडपेजांत देवनागरीला जागाच नाही. ज्या अक्षराला जागा नाही त्याचं प्रश्नचिन्ह होतं आणि मूळ अक्षर गेलं ते गेलंच. त्या फाईलवर कितीही प्रयोग केले तरी नाव परत येत नाही. मूळ एक्सेल फाईल हाताशी असेल तर तीच पुन्हा यूटीएफ-८ सीएसव्ही, म्हणजे युनिकोड साठवणाऱ्या प्रकारात, सेव्ह करायची.

दुसऱ्या नावांत प्रश्नचिन्हं नव्हती, वेगळीच चिन्हं होती: डोक्यावर तिरकी रेघ असलेलं रोमन अक्षर, मग चार कोपऱ्यांना किरण असलेलं गोल चिन्ह, अधूनमधून जपानी येनचं चिन्ह. हे बघून घाबरायचं कारण नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं. ते तीन बाइट कुणी विंडोज-१२५२ या जुन्या रोमन कोडपेजचे समजून वाचले की एकाच्या जागी तीन चिन्हं दिसतात. पहिला बाइट सगळ्यांना सारखाच, म्हणून ते रेघवालं अक्षर पुन्हा पुन्हा येतं. दुसरा बाइट दोनांपैकी एक असतो. व्यंजनं, काना आणि ऱ्हस्व वेलांटी असेल तर ते गोल चिन्ह, आणि दुसरी वेलांटी, उकार, मात्रा किंवा पाय मोडलेला असेल तर येन. येन दिसला की समजावं, डेटा शाबूत आहे, फक्त वाचणारा चुकला आहे. फाईलच्या पहिल्या ओळीत एन्कोडिंग विंडोज-१२५२ असं लिहून ठेवलं होतं आणि आत मजकूर यूटीएफ-८ होता. ती घोषणा दुरुस्त करताच नावं जागेवर आली. घोषणा मुळातच नसती तरी चाललं असतं, कारण काही सांगितलं नसेल तर एक्सएमएल यूटीएफ-८ धरूनच चालतं.

एक गोष्ट मात्र कुठल्याच एररमध्ये आली नव्हती. ‘किनाऱ्याचं खडप’ हे नाव यादीत दोनदा होतं आणि नावावरून दुबार नोंदी काढणाऱ्या स्क्रिप्टला ती दोन वेगळी खडपं वाटत होती. ‘ऱ्या’ टाईप करायच्या दोन रीती आहेत: एक ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, दुसरी ‘र’ला हलन्त देऊन मागे एक अदृश्य जोडचिन्ह टाकून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, बाइट वेगळे. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशनही (एकच अक्षर लिहायच्या वेगळ्या रीती एक करणं) या दोघांना एक करत नाही, कारण त्याच्या लेखी ते समतुल्य नाहीत. मराठी नावांवर काम करणाऱ्याने हा बदल स्वतःच लिहून ठेवावा. कोकणात ‘किनाऱ्या’, ‘पायऱ्या’, ‘दऱ्या’ पावलोपावली भेटतात.

नॉर्वेच्या उत्तरेला

जीएमएल फाईलचं दुखणं निराळं. ती सर्व्हरने विनातक्रार घेतली आणि सगळी खडपं नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर आयलंड नावाच्या बेटाच्या दक्षिणेला नेऊन टाकली. हे पाहून सोसायटीत बरीच हसाहसी झाली म्हणे. पण नकाशाचं काम करणाऱ्याला ती जागा बघितल्याबरोबर कळतं काय झालं ते: ७३ उत्तर, १८ पूर्व. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल.

तिन्ही प्रकारांत हा क्रम वेगळा आहे आणि तिथेच माणूस फसतो. केएमएलमध्ये आधी रेखांश, मग अक्षांश, मधे स्वल्पविराम. स्वल्पविरामानंतर जागा सोडायची नाही, कारण मोकळी जागा आली की केएमएलच्या हिशेबी पुढचा बिंदू सुरू होतो. जीपीएक्समध्ये दोघांची नावंच लिहिलेली असतात, त्यामुळे तिथे क्रमाचा प्रश्न येत नाही. तिघांत मला तोच शहाणा वाटतो. जीएमएलमध्ये मात्र क्रम ठरवते ती फाईलमध्ये लिहिलेली निर्देशांक-पद्धत. ईपीएसजी ही अशा पद्धतींना क्रमांक देणारी नोंदवही. तिच्यातली ४३२६ ही पद्धत लांबलचक यूआरएन रूपात लिहिली की आधी अक्षांश, मग रेखांश, असाच अर्थ होतो, कारण त्या नोंदवहीत अक्षांश पहिला आहे. तेच ४३२६ आखूड रूपात लिहिलं तर बरीच सॉफ्टवेअर जुन्या सवयीने रेखांश पहिला धरतात. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने केएमएलचा क्रम उचलला आणि वर यूआरएन लावलं. सर्व्हरने नियमाप्रमाणे वाचलं, त्याला बोल लावता येत नाही.

दुरुस्तीला दोन वाटा होत्या. आकड्यांचा क्रम उलटायचा, किंवा क्रम तसाच ठेवून पद्धत सीआरएस ८४ लिहायची, जिच्यात रेखांश पहिला असतो हे स्पष्ट ठरलेलं आहे. आम्ही पहिली घेतली, कारण समोरच्या सर्व्हरला ४३२६च हवं होतं. आखूड रूप लिहून वेळ मारून नेण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. मी देणार नाही. आज एका सॉफ्टवेअरमध्ये बरोबर दिसणारी फाईल उद्या दुसऱ्यात उलटी उघडेल. २०१९ साली जीडाल या नकाशांच्या लायब्ररीची ३.० आवृत्ती आली, तेव्हा अक्षांचा क्रम ईपीएसजीच्या नोंदीप्रमाणे मानण्याचं धोरण तिने घेतलं आणि जगभर लोकांच्या जुन्या स्क्रिप्ट अशाच उलट्यापालट्या झाल्या होत्या.

इथे कोकणाचं भूगोलातलं स्थान आड येतं. अक्षांश ९० च्या पुढे जाऊ शकत नाही. हीच अदलाबदल गुवाहाटीच्या यादीत झाली असती, तर ९१ अंश अक्षांश बघून कुठल्याही सॉफ्टवेअरने तिथेच बोंब ठोकली असती. आपला किनारा ७२.६ ते ७३.७ रेखांशाच्या पट्ट्यात येतो. ७३ हा अक्षांश म्हणून अगदी वैध आकडा आहे. जीपीएक्सच्या स्कीमात, म्हणजे फाईलच्या ठरलेल्या नियमांत, अक्षांशाला उणे ९० ते ९० अशी मर्यादा घातलेली आहे, तीही इथे कामाला येत नाही. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतचं कुठलंही गाव उलटं लिहा, ते त्याच थंडगार पाण्यात जाऊन पडतं आणि तपासणीत पास होतं.

रिकामा पट्टा

एवढं झाल्यावर तिन्ही फाईली उघडत होत्या, फाईल नियमांत बसते का ते बघणारा व्हॅलिडेटर खूश होता, खडपं कोकणाच्या समुद्रात दिसत होती. नावं मराठीत नीट वाचता येत होती. सोसायटीने ती जीपीएक्स होड्यांवर भरायला घेतलीही होती. तेवढ्यात एक म्हातारे तांडेल फोनवर नकाशा बघून म्हणाले, “हे आमचं खडप नव्हे. आमच्या खडपावरून हरिहरेश्वराचा डोंगर असा दिसतो,” आणि त्यांनी हाताने कोन करून दाखवला.

त्यांच्या हातापेक्षा मला नकाशाने जास्त बुचकळ्यात टाकलं. खडपांचे तीन पुंजके होते. एक श्रीवर्धन-हरिहरेश्वरासमोर किनाऱ्यालगत, एक पश्चिमेला चाळीसेक किलोमीटर आत समुद्रात, आणि एक बराच खाली, दाभोळच्या समोर. पहिल्या दोन पुंजक्यांच्या मधे काहीच नव्हतं. बाहेरचा पुंजका ‘लांबच्या पाण्यातली खडपं’ म्हणून सगळ्यांनी मान्य करून टाकला होता, कारण होड्या तेवढ्या लांब जातात. दाभोळच्या पुंजक्याबद्दल कुणीतरी म्हणालं, आपली पोरं जातात की तिकडे. प्रत्येक पुंजक्याला पटण्याजोगं कारण सापडत होतं.

मग मी नकाशा मिटला आणि रेखांशाचा स्तंभ क्रमाने लावून नुसते आकडे वाचले. ७२.५८, ७२.५९, ७२.५९, ७३.००, ७३.०१. टिंबानंतरचे पहिले दोन अंक बघत गेलो. ते कुठेच ६० च्या पुढे जात नव्हते, अपवाद फक्त शेवटी टाकलेल्या काही नोंदींचा, ज्या ७२.९९ च्या आसपास होत्या. अक्षांशाच्या स्तंभातही जवळजवळ तेच: १७.५८, १७.५९ आणि मग एकदम १८.००. साठाच्या पुढे न जाणारा आकडा म्हणजे मिनिटं.

होड्यांवरची बरीच यंत्रं स्थान दाखवतात ते अंश आणि दशांश मिनिटांत. पडद्यावर १८°००.७२०′ असं दिसतं. ते टाईप करताना अंशाचं चिन्ह कळफलकावर सापडत नाही, आणि मुलाने १८.००७२० लिहिलं. मिनिटं शंभराची असती तर हे चाललं असतं. मिनिटं साठाची असतात.

एका बिंदूवर सगळा हिशेब दिसतो. एकच जागा तीन रीतींनी लिहिता येते: दशांश अंशांत १८.०१२, अंश आणि दशांश मिनिटांत १८°००.७२०′, अंश-मिनिट-सेकंदांत १८°००′४३.२″. रेखांश तसाच: ७३.००२५, ७३°००.१५०′, ७३°००′०९.०″. मधल्या रीतीतलं चिन्ह काढून टिंब टाकलं की जागा १८.००७२०, ७३.००१५० होते. खरी जागा आणि ही जागा यांत दक्षिणेकडे ५३१ मीटर आणि पश्चिमेकडे १०६ मीटरचा फरक पडतो. अर्धा किलोमीटर. नकाशावर हे खडप अगदी योग्य दिसतं. जाळं टाकणाऱ्याला मात्र ते खडप नसलेल्या जागी खडप दाखवतं आणि असलेल्या जागी मोकळं पाणी.

आता याच खडपापासून जेमतेम किलोमीटरभर पश्चिमेचं दुसरं खडप घ्या. यंत्र दाखवतं ७२°५९.५५०′, म्हणजे खरोखर ७२.९९२५. टाईप झालं ७२.५९५५०. फरक ०.३९७ अंश, म्हणजे या अक्षांशावर ४२ किलोमीटर. एकमेकांच्या हाकेवर असलेली दोन खडपं नकाशावर ४३ किलोमीटर दूर गेली. कारण एकच: दोघांच्या मधून ७३ अंशाची रेघ जाते. चूक असते मिनिटांच्या प्रमाणात. रेघेच्या पूर्वेला मिनिटं शून्याजवळ असतात, म्हणून चूकही लहान. पश्चिमेला मिनिटं एकोणसाठ असतात, म्हणून ती सर्वात मोठी.

अक्षांशाला हेच १८ अंशाच्या रेघेवर झालं. १७°५९.४००′ चं १७.५९४ झालं आणि खडप ४४ किलोमीटर खाली, दाभोळच्या अक्षांशावर उतरलं. ७३ रेखांश आणि १८ अक्षांश हे हरिहरेश्वरासमोर पाण्यातच एकमेकांना छेदतात. सोसायटीची सगळी खडपं त्या छेदाच्या आजूबाजूला पसरलेली, म्हणून एकाच चुकीने त्यांचे पुंजके पडले. हीच यादी मालवणची असती, तर रेखांशाची सगळी मिनिटं सत्तावीस-अठ्ठावीसच्या घरात असती, अख्खा गठ्ठा एकसंध एकोणीस-वीस किलोमीटर पश्चिमेला सरकला असता आणि पहिल्याच नजरेत लक्षात आलं असतं. इथे काही खडपं जवळजवळ बरोबर होती. त्यांनीच बाकीच्यांची साक्ष दिली आणि सगळ्यांना फसवलं.

मधला रिकामा पट्टाही याच हिशेबातून येतो. मिनिटं साठाच्या पुढे जात नाहीत म्हणून ७२.६० ते ७३.०० यांत यंत्रावरून आलेली एकही नोंद पडूच शकत नाही. ०.४ अंश, साधारण ४२ किलोमीटर. किनाऱ्याला समांतर असा मोकळा पट्टा कुठल्याही बिंदूंच्या नकाशावर दिसला, तर आधी मिनिटांचा संशय घ्यावा.

कुठली नोंद कशात

सगळे आकडे सरसकट मिनिटं धरून बदलता आले असते तर काम तासाभराचं होतं. पण शेवटच्या काही नोंदी फोनवरून आल्या होत्या आणि फोन दशांश अंश देतो. ७२.९९ वाल्या त्याच. त्यांना हात लावला असता तर त्या बिघडल्या असत्या. ज्यांच्या टिंबानंतरचे दोन अंक ६० ते ९९ आहेत त्या बहुतेक दशांश अंश. उलट मात्र म्हणता येत नाही: १८.००७२० हा खरा दशांश अंशही असू शकतो.

अंकांची संख्या मोजून बघितली. यंत्र मिनिटाचे तीन दशांश देतं, म्हणजे टिंबानंतर पाच अंक. फोन सहा देतो. युक्ती चांगली, पण एक्सेल शेवटचं शून्य गिळतं. १८.००७२० चं १८.००७२ होतं आणि मोजणी फसते. स्तंभ आधीच टेक्स्ट प्रकारात असता तर शून्य टिकलं असतं. काही ठिकाणी तर मिनिटांची ‘००’ सुद्धा गळली होती आणि १८.७२ उरलं होतं. ते खडप थेट अलिबागच्या वर, खांदेरीच्या अक्षांशाजवळ गेलं.

शेवटी यंत्रांनाच विचारलं. प्रत्येक होडीवरच्या यंत्राचा जेटीजवळ उभं असताना फोटो मागवला. जेटीची जागा ठाऊक, पडद्यावर काय दिसतं ते फोटोत, त्यामुळे कुठलं यंत्र कुठल्या रीतीत बोलतं हे एका झटक्यात कळलं. यादीत होडीचा स्तंभ नव्हता. पण मुलाची मूळ वही होती आणि वहीत प्रत्येक पानाच्या वर होडीचं नाव होतं. वही टाकून न दिल्याबद्दल त्या मुलाला सोसायटीने चहा पाजायला हवा.

जेटीच्या फोटोंतून आणखी एक गोष्ट बाहेर आली, जी कुणी शोधतही नव्हतं. एका जुन्या यंत्राचं स्थान जेटीपासून शंभराहून जास्त मीटर सरकलेलं होतं. त्यात जीपीएसच्या नेहमीच्या डब्ल्यूजीएस ८४ ऐवजी दुसराच डेटम, म्हणजे स्थान मोजायचा पायाभूत संदर्भ, निवडलेला होता. भारतात जुने नकाशे एव्हरेस्ट लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर, बेतलेले होते, त्यांच्यात आणि डब्ल्यूजीएस ८४ मध्ये आपल्या किनाऱ्यावर एवढा फरक येतो. केएमएल आणि जीपीएक्स दोन्ही डब्ल्यूजीएस ८४ धरूनच चालतात, त्यांत वेगळं सांगायची सोय नाही. त्या यंत्रातली नोंद पडद्यावरून न उतरवता थेट जीपीएक्स म्हणून बाहेर काढली की हा प्रश्न येत नाही. ज्या होड्यांच्या यंत्रांतून तशी फाईल निघत होती, त्यांच्या वहीतल्या नोंदी मी बाजूलाच ठेवल्या.

खोलीचाही उपयोग झाला. तांडेलांनी प्रत्येक खडपावर किती वाव पाणी ते सांगितलं होतं. एक वाव म्हणजे सहा फूट. चाळीस किलोमीटर बाहेर पाच वावाचं पाणी असा बिंदू दिसला की तो जागेवर नाही हे सांगायला सॉफ्टवेअर लागत नाही. या खोल्या स्क्रिप्टने केएमएलमध्ये उंचीच्या जागी उणे आकडा म्हणून घातल्या होत्या. त्याने काही होत नाही: उंचीचा प्रकार सांगितला नसेल तर केएमएल बिंदू जमिनीला चिकटवतं आणि तिसरा आकडा सोडून देतं. खोली वर्णनात लिहिली.

तपासणीत काय बदललं

स्कीमाची तपासणी ठेवली, पण तिच्याकडून अपेक्षा कमी केल्या. ती किती आंधळी आहे याचा नमुना याच यादीत होता. काही आकडे मराठी कळफलकावरून ‘१८.०१२’ असे देवनागरीत टाईप झाले होते. पायथॉन देवनागरी अंकही संख्या म्हणून बिनबोभाट वाचतं, त्यामुळे स्क्रिप्टची ‘संख्या आहे का?’ ही तपासणी पार झाली. फाईलमध्ये मात्र मूळ मजकूरच लिहिला गेला. जीएमएल आणि जीपीएक्सच्या स्कीमांनी तो पकडला, कारण तिथे आकड्याचा प्रकार ठरलेला आहे. केएमएलच्या स्कीमात कोऑर्डिनेट म्हणजे नुसती अक्षरांची यादी. तिथे तो सुखाने बसला होता. आता स्क्रिप्ट वाचलेली संख्याच परत लिहिते, मूळ मजकूर नाही.

त्याशिवाय स्क्रिप्ट तीन प्रश्न विचारते. बिंदू १७.८ ते १८.३ आणि ७२.५ ते ७३.१ या चौकटीत आहे का? मूळ नोंद कुठल्या रीतीत आहे ते तिच्या शेजारच्या स्तंभात लिहिलंय का? आणि टिंबानंतरच्या दोन अंकांचा तक्ता काढला तर साठाच्या पुढे सगळं रिकामं आहे का? पहिला प्रश्न नॉर्वे, दाभोळ आणि खांदेरी पकडतो. पश्चिमेचा पुंजका त्याला सापडत नाही, कारण होड्या खरोखर ७२.५ पर्यंत जातात. चौकट त्याहून आखूड केली तर खरी खडपं बाहेर पडतात. तो पुंजका तिसऱ्याने सापडतो. जीपीएक्समधलं अर्धा किलोमीटर सरकलेलं खडप पहिला आणि तिसरा प्रश्न पकडत नाहीत, त्याला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरच लागतं.

मूळ नोंद, वहीत होती तशी, आता केएमएलच्या जादा माहितीच्या भागात आणि जीपीएक्सच्या एक्स्टेन्शनमध्ये बरोबर जाते. पुन्हा शंका आली तर आकडा कुठून आला ते फाईलमध्येच सापडेल. जीपीएक्समध्ये नावाच्या जागी नुसता क्रमांक ठेवला, मराठी नाव वर्णनात टाकलं. होड्यांवरच्या जुन्या यंत्रांत देवनागरी फॉन्ट नाही, तिथे नावाऐवजी चौकोन दिसतात. जीपीएक्समध्ये घटकांचा क्रमही ठरलेला असतो, नावाच्या आधी वर्णन टाकलं तर काही यंत्रं अख्खा बिंदू गुपचूप टाळतात.

काही नोंदींचा निकाल लागला नाही. वहीत होडीचं नाव नाही, खोली लिहिलेली नाही आणि दोन्ही रीतींनी वाचलं तरी बिंदू समुद्रातच पडतो, अशा त्या आहेत. त्या केएमएलमध्ये राखाडी खुणेने, दोन्ही संभाव्य जागा दाखवून ठेवल्या आहेत. होड्यांवर जाणाऱ्या जीपीएक्समधून त्या काढून टाकल्या. सोसायटीच्या सेक्रेटरींना हे पटायला वेळ लागला, त्यांना यादी पूर्ण हवी होती. म्हातारे तांडेल म्हणाले, राहू द्या, हंगाम सुरू झाला की मी जाऊन डोंगर बघून सांगतो.